गणपतीला गावी जाताना फ्लूची तयारी (दुसरा डोस विसरू नका!)

साबण, रुमाल, पाण्याच्या बाटल्या हे सांगत बसत नाही, तेवढं तुम्हाला कळतं. मुंबई-ठाण्याकडनं कोकणात गणपतीला जाणाऱ्या, घरात लहान पोर आणि गावी म्हातारं माणूस असलेल्या लोकांसाठी हे लिहितोय. मागच्या खेपेला आमच्या लेकीचा फ्लूच्या लसीचा दुसरा डोस राहून गेला आणि गौरी जेवायच्या दिवशी निम्मं घर पांघरूण घेऊन पडलं होतं, म्हणून सुरुवात त्याच्यापासनंच.

नऊ वर्षांच्या आतल्या पोराला फ्लूची लस पहिल्यांदाच देत असाल तर एक डोस पुरत नाही. दोन लागतात, मध्ये कमीत कमी चार आठवडे. मोठ्यांना वर्षाला एकच, त्यामुळे आपल्याला वाटतं पोराचंही झालं. नाही झालं. पहिल्या डोसाने लहान पोराच्या शरीराला विषाणूची नुसती तोंडओळख होते, चांगली ताकद दुसऱ्यानंतर येते, आणि तीही लगेच नाही, साधारण दोन आठवडे जातात. म्हणजे चार आणि दोन, सहा आठवडे आधी हालचाल करायची. तारखा लक्षात राहत नसतील तर सणांवर बसवा: आषाढी एकादशीच्या सुमारास पहिला, राखीपौर्णिमेच्या आत दुसरा, मग गणपतीपर्यंत दोन-अडीच आठवडे मिळतात. मध्ये अधिक महिना आला तर कॅलेंडर बघून नीट मोजा.

पहिल्या डोसाला सगळे हौसेने जातात, दुसऱ्याच्या वेळी कुणाला सुट्टी नसते. फ्लू सरकारी लसीकरणाच्या तक्त्यात नाहीये, त्यामुळे आशाताई वगैरे कुणी आठवण करणार नाही, आणि खासगी डॉक्टर फाईलवर पेन्सिलीने तारीख लिहून देतात ती फाईल कपाटात जाते. म्हणून पहिला डोस झाला की दवाखान्याच्या पायऱ्या उतरायच्या आधी रिमाइंडर लावा, नवरा-बायको दोघांच्या फोनवर, एकाच्याच फोनवर असला की "मला वाटलं तू बघशील" होतं. पोराचं नाक वाहतंय म्हणून दुसरा डोस पुढे ढकलू नका, पावसाळ्यात पोराचं नाक वाहत नाही असा आठवडा मला दाखवा. जोरात ताप असेल तरच थांबायचं. चार आठवडे उलटून गेले तरी पहिला डोस वाया जात नाही, उशिरा का होईना दुसरा घ्या. गेल्या वर्षी एकच घेऊन सोडून दिलं असेल तर यंदा परत दोन. खासगीत एका डोसाला दीड-दोन हजार जातात, तेव्हा विसरणं महागात पडतं.

लस मेडिकलमधून आणून घरच्या डॉक्टरकडे टोचून घेणार असाल तर बर्फाच्या पिशवीतनंच आणा, ती २ ते ८ डिग्रीत राहायला लागते, खिशात घालून रिक्षात बसू नका. खोक्यावर कुठल्या सालच्या स्ट्रेनची (म्हणजे विषाणूच्या प्रकारांची) आहे ते छापलेलं असतं, ते वाचा. विषाणू रूप बदलतो म्हणून लस दरवर्षी नवी येते. २००९ च्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला होता, तोच एच१एन१ आता साध्या हंगामी फ्लूत फिरत असतो, सोबत एच३एन२ आणि बी हे फ्लूचेच दुसरे प्रकार. आपल्याकडे फ्लूच्या दोन लाटा येतात, जानेवारी ते मार्च एक आणि पावसाळ्यात दुसरी, आणि दुसरी बरोबर गणपतीत सापडते. गच्च भरलेली गाडी, ओटीवर रात्रभर भजन, एका खोलीत दहा माणसं झोपलेली, फ्लूला अजून काय पाहिजे.

गावच्या आजीलाही लस द्या. साठी-पासष्टीच्या पुढचे, शुगर, दमा, हृदय किंवा किडनीचे पेशंट आणि गरोदर बायका, यांना फ्लू जड जातो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला लस देताच येत नाही, आईने गरोदरपणात घेतलेली लसच त्याला थोडीफार सांभाळते. लसीने फ्लू होतो ही भानगड डोक्यातून काढा, आपल्याकडे टोचतात ती मेलेल्या विषाणूची असते, दंड दुखेल, एखाद दिवस कणकण येईल, बास. अंड्याची जोरदार अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरना सांगा. आजीचा एक डोस झाला की झालं. पोराचे दोन. परत सांगतोय कारण आजीचं आटपलं की सगळ्यांचंच आटपलं असं वाटायला लागतं.

आता बॅग. डिजिटल थर्मामीटर, आणि त्याचा सेल चालू आहे का घरीच बघा. ऑक्सिमीटर. ओआरएस. मास्क, घालायला लाज वाटते पण ज्याला खोकला आहे त्याने गाडीत घालायचाच. पॅरासिटामॉल: मोठ्यांच्या गोळ्या वेगळ्या आणि पोराचं सिरप वेगळं, आणि सिरपच्या बाटलीवरचा आकडा वाचा, ५ मिलीत १२० मिग्रॅ असलेलं मिळतं आणि २५० वालंही मिळतं, चमचा तोच पण डोस दुप्पट. पोराचं वजन करून डॉक्टरकडनं मिली लिहून घ्या, तो कागद बाटलीला रबर बँडने बांधून टाका. सर्दीच्या बऱ्याच तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही एकत्र घेतलं की लिव्हरवर येतं. चार वर्षांच्या आतल्या पोरांना सर्दीची मिक्स सिरपं नकोच. पोराला अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही. ब्रुफेनसारख्या ताप-अंगदुखीच्या गोळ्याही पावसाळ्यात कुणाला आपल्या मनाने देऊ नका, ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्राव व्हायची भीती असते.

आणि कोकणातला पावसाळी ताप फ्लूचाच असेल असं धरून चालू नका. शेतात, चिखलात अनवाणी फिरलेल्याला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने खराब झालेल्या पाण्यातून होणारा ताप) असू शकतो आणि त्याला अँटिबायोटिक लागतं, वेळेत. फ्लूला मात्र अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. तरी लोक मेडिकलमधून अ‍ॅझिथ्रो (अ‍ॅझिथ्रोमायसिन, तेही अँटिबायोटिकच) आणून दोन दिवस खातात आणि सोडतात. निघायच्या आधी वाडीपासनं जवळचं आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते विचारून ठेवा, रेंज कुठल्या कोपऱ्यात येते तेही. अँब्युलन्स १०८.

गावी पोचल्यावर खिडक्या उघड्या ठेवा. खोकणाऱ्याने आरती मागे, पडवीत उभं राहून म्हणायची. बाळाचे पापे घ्यायचे नाहीत, मामाने पण नाही. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस फ्लू वाटत असतो, त्यामुळे नुसत्या खबरदारीने सगळं टळत नाही, म्हणून तर ते दुसऱ्या डोसाचं पुराण लावलं.

आजारी पडलाच कोणी तर वेगळी खोली, पाणी, पेज, आराम. काढा प्या, मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला नाही, आणि वाफेचं उकळतं पातेलं पोरासमोर ठेवू नका, भाजतं. साधा फ्लू तीन-चार दिवसांत उतरायला लागतो, टेस्टचीही गरज नसते. पण आजी, गरोदर बाई, पाच वर्षांच्या आतलं पोर किंवा शुगर-दम्याचा पेशंट असेल तर वाट बघू नका, ओसेल्टामिव्हिर म्हणजे टॅमीफ्लू ही फ्लूच्या विषाणूवरची गोळी पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर जास्त फायदा, डॉक्टर रिपोर्टसाठी न थांबताही सुरू करतात. पाच दिवसांचा कोर्स, चिठ्ठीशिवाय मिळत नाही, अर्धवट सोडायचा नाही.

धाप, छातीत दुखणं, ओठ-नखं निळी, थुंकीत रक्त, गुंगी, ऑक्सिजन ९४ च्या खाली, पोर पाणी पीत नाही, आठ तास शू नाही, श्वास घेताना बरगड्या आत जातात, किंवा ताप उतरून परत चढला: यातलं काहीही दिसलं की विसर्जनाची वाट बघायची नाही, गाडी काढायची.

मुंबईत परतल्यावर औषध न घेता चोवीस तास ताप नसेल तरच शाळा, ऑफिस. खोकला दोन आठवडे रेंगाळतो, त्याला घाबरू नका.