जाहिरातीचं काम आणि मनाची टोचणी: क्लासच्या फ्लेक्सवरून समजून घेऊ

मार्केटिंगमध्ये काम करणाऱ्या पुष्कळांना ‘आपण लोकांना फसवतोय का?’ हा प्रश्न छळतो. तो मोघम राहिला तर माणूस निबर होतो, नाहीतर कंटाळून नोकरी सोडतो. म्हणून आधी नेमकं काय खटकतंय ते कागदावर लिहा. वस्तूच पटत नाही? वाक्य खोटं आहे? ज्याला सांगतोय तो घाबरलेला किंवा अजाण आहे? की गळ घालायची रीत वाईट आहे? वस्तूच पटत नसेल तर ते काम दुसऱ्याकडे द्यायला सांगणं हाच मार्ग. बाकी तिन्ही गोष्टी खुर्चीत बसून दुरुस्त करता येतात, आणि बहुतेकांची टोचणी या तिन्हींतच असते.

उदाहरण म्हणून नीट-जेईईच्या क्लासची जाहिरात घेऊ. निकाल लागला की लातूर, पुणे, नांदेडच्या चौकाचौकांत फोटोंचे फ्लेक्स लागतात. कधी एकच मुलगा दोन-तीन क्लासच्या फ्लेक्सवर दिसतो: एकीकडे तो दोन वर्षं शिकलेला असतो, दुसरीकडे त्याने फक्त टेस्ट सिरीज दिलेली असते. फोटो खरा, नाव खरं, गुण खरे. तरीही पालकाच्या मनात उमटणारं चित्र खोटं. खरी फसवणूक अशीच, न लिहिलेल्या गोष्टीतून होते.

यावरचा उपाय म्हणजे दाव्यांची शीट. मजकूर लिहायला घेण्याआधीच ती भरायची. रकाने पाच: वाक्य जसंच्या तसं, पुरावा काय, तो कोणी दिला, कोणत्या तारखेचा, कोणत्या अटींवर खरा. समजा, क्लासने ‘४० निवडी’ असं लिहायला सांगितलं. विचारा: एकूण किती मुलं होती? परीक्षेला किती बसली? या ४० पैकी पूर्ण अभ्यासक्रमाची किती? उत्तर ‘९ पूर्ण अभ्यासक्रमाची, ३१ फक्त टेस्ट सिरीजची’ असं आलं, तर हे दोन्ही आकडे सारख्याच ठळक अक्षरात छापायचे. तळाशी बारीक टीप टाकून भागत नाही.

इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पडताळता येणारा प्रत्येक दावा सिद्ध करण्याची जबाबदारी त्यात जाहिरात एजन्सीवरही आहे. टीप दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये हवी, म्हणजे मराठी दाव्याखाली इंग्रजी टीप चालत नाही. दिशाभूल ठरली तर दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगसाठी वेगळी तत्त्वं आली: फोटोसोबत मुलाने कोणता कोर्स केला हे लिहायचं, निवडीची हमी द्यायची नाही, ‘शेवटच्या काही जागा’ अशी खोटी घाई दाखवायची नाही.

नाव-फोटो छापण्यासाठी मुलाची लेखी संमतीही निवड झाल्यानंतरच घ्यायची असते. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये दडवलेली सही चालत नाही, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. फ्लेक्स निकालाच्या रात्रीच छापायला जातो, मग संमतीसाठी कोण थांबणार? म्हणून महिनाभर आधी कोरे संमतीपत्र आणि फ्लेक्सचा साचा तयार ठेवा. साच्यात कोर्सचं नाव आणि कालावधी यांची जागा पक्की असू द्या. मूल अठराच्या आतलं असेल तर पालकांचीही सही घ्या.

नकार कधी देता यावर बरंच अवलंबून असतं. फाइल छापखान्यात गेल्यावर ‘मला हे पटत नाही’ म्हटलं की सगळे वैतागतात आणि पुढच्या वेळी तुम्हाला विचारतही नाहीत. ब्रीफ (क्लायंटने कामाविषयी दिलेल्या सूचना) हातात येईल त्याच दिवशी बोला, लेखी बोला, आणि पर्यायी ओळ सोबत द्या. साधारण असं:

‘सर, ४० पैकी ३१ मुलं टेस्ट सिरीजची आहेत. एकत्र छापलं तर तक्रार होऊ शकते. दोन्ही आकडे वेगळे दाखवणारा नमुना जोडलाय. शिवाय बॅचमध्ये किती मुलं, कोण शिकवतं आणि मधेच सोडल्यास फी किती परत मिळते, हेही टाकूया. चौकशीला येणारे पालक हेच विचारतात.’

नीतीची भाषा इथे मुद्दाम टाळली आहे. समोरच्याला खोटं ठरवलं की तो हट्टाला पेटतो. जोखीम आणि पर्याय दाखवला की त्याला मागे येता येतं.

कायद्याने दर वेळी पकडता येईलच असं नाही अशी गोष्ट म्हणजे भीती. ‘आता नाही तर मुलाचं आयुष्य वाया’ या ओळीवर दंड होईलच असं नाही. तिच्यासाठी एकच कसोटी लावा: दोन वर्षांनी निवड न झालेल्या मुलाची आई फीची पावती घेऊन समोर बसली, तर हे वाक्य तिला मोठ्याने वाचून दाखवता येईल का? नसेल तर खोडा.

स्वतःसाठी ‘हे कधीच करणार नाही’ अशी यादी ठेवा, पण तिनाहून जास्त नोंदी नकोत. लांबलचक यादी पाळली जात नाही. मुलाखतीतच विचारा की अमुक क्लायंटचं काम नाकारता येईल का. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असू द्या. डोक्यावर हप्ते आणि दोन-तीन महिन्यांचा नोटीस पीरियड असला की नकार घशातच राहतो.

सामाजिक संस्थेत गेल्यावर हा प्रश्न सुटतो असं समजू नका. तिथे देणगीसाठी रडक्या मुलांचे फोटो मागितले जातात. शीट आणि संमतीपत्र तिथेही लागतं.

आणि एकाच वर्षात तीनदा लेखी पर्याय देऊनही तीनदा खोटीच ओळ छापली गेली, तर बायोडेटा काढा. पोर्टफोलिओमध्ये ब्रीफमधली मूळ ओळ आणि तुम्ही सुचवलेली ओळ शेजारी-शेजारी ठेवा, मात्र क्लायंटचं नाव आणि आतले आकडे झाकून.