मानकं फुकट मिळतात, पण या चुका टाळा

भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) पोर्टलवर नाव नोंदवून लॉगिन केलं की बहुतेक भारतीय मानकांची, म्हणजे माल आणि कामाच्या दर्जाच्या नियमांची, पीडीएफ मोफत उतरवता येते. तरीही वागळे इस्टेट, रबाळे, महापे या ठाणे-नवी मुंबईच्या औद्योगिक वसाहतींत मानकांच्या जुन्या झेरॉक्सवर काम चालतं, याचं वाईट वाटतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे मानकातला एकच आकडा उचलणं. समजा, घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत टँकरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, १४०० आला. पुरवठादार म्हणतो, "लिमिट २००० आहे, बिनधास्त प्या." पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५०० उघडा ('आयएस' म्हणजे भारतीय मानक). टीडीएससमोर दोन रकाने आहेत. पहिल्यात स्वीकारार्ह मर्यादा, लिटरमागे ५०० मिलिग्रॅम. २००० दुसऱ्या रकान्यात, आणि त्याच्या मथळ्यातच अट आहे: पाण्याचा दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तरच. पालिकेची लाइन सोसायटीत असताना हा आकडा दाखवणं म्हणजे चक्क दिशाभूल. कमिटीच्या बैठकीत तेच पान छापून ठेवा.

दुसरी चूक जुनी प्रत वापरण्याची. कार्ल मालामुद यांच्या पब्लिक रिसोर्स या संस्थेने हजारो भारतीय मानकं लोकांसाठी इंटरनेटवर खुली केली. फार मोलाचं काम आहे ते. पण तिथली प्रत ती चढवली त्या वेळची असते. काँक्रीटच्या आयएस ४५६ ची सन २००० ची आवृत्ती घ्या, त्यानंतर तिच्यात दुरुस्त्या झाल्या आहेत. कामाला बसण्याआधी मानकाचं साल आणि दुरुस्त्यांची पानं पोर्टलवर पडताळा.

शोधून सापडत नसेल तर नावाऐवजी नुसता क्रमांक टाका. काही मानकांचे अनेक भाग असतात. भूकंपाच्या आयएस १८९३ मध्ये इमारतींसाठी एक भाग लागतो, पाण्याच्या टाक्यांसाठी दुसरा. 'आयएस/आयएसओ' किंवा 'आयएस/आयईसी' असं लिहिलेली मानकं मात्र विकतच घ्यावी लागतात, कारण ती आंतरराष्ट्रीय संस्थांची जशीच्या तशी घेतलेली असतात.

आणि पीडीएफ हातात आली म्हणून मालावर आयएसआय मार्क छापता येत नाही. त्यासाठी ब्यूरोचं लायसन्स लागतं. खरेदी करणाऱ्यांनी मार्काखालचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे लायसन्स नंबर, ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघावा. कंपनीचं नाव जुळलं नाही तर माल उतरवून घेऊ नका, तक्रारही त्याच ॲपमधून करता येते.