गल्लीतल्या चोऱ्या थांबवायच्या तर: एक वही, पाच अर्ज आणि महिन्याला एक बैठक

आमच्या गल्लीत रात्री गाड्यांच्या सीट फाडल्या जाऊ लागल्या, दोघांचे मोबाइल हिसकावले गेले, तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्ध्या तासात तीन ठराव झाले. कॅमेरे बसवा, वॉचमन बदला आणि कोपऱ्यावरच्या पोरांना हाकला. पैकी एकाचाही पुढं उपयोग झाला नाही. कामाला आली ती शंभर पानी वही.

दक्षिण पुण्यातली ही साधी गल्ली. एका अंगाला चार सोसायट्या, दुसऱ्या अंगाला वस्ती, मधे मंडळाची शेड, एक शाळा आणि महावितरणची डीपी, म्हणजे विजेची पेटी. अशा शेकडो गल्ल्या पुण्यात आहेत, म्हणून आम्ही काय केलं ते क्रमानं सांगते.

आधी वही घाला

बैठक, निवेदन, नगरसेवक हे सगळं नंतर. आधी दोन महिने नुसतं लिहा. तारीख, वार, वेळ, नेमकी जागा, काय झालं, पोलिसात तक्रार दिली का. एवढंच. संशयिताचं नाव लिहायचं नाही. ते लिहिलं की वहीचं भांडण होतं. वही सेक्रेटरीच्या कपाटात ठेवू नका. आमची इस्त्रीवाल्या काकांच्या टपरीवर असायची, दोरीला पेन बांधून. सोसायटीतले येतात, वस्तीतले येतात, आणि काका सकाळपासून रात्री दहापर्यंत तिथंच. सोसायटीच्या ऑफिसात वस्तीतली बाई कधी पाय ठेवत नाही, हे आपण विसरतो.

दोन महिन्यांनी ड्रॉइंगच्या कागदावर गल्लीचा नकाशा काढला आणि प्रत्येक नोंदीला लाल ठिपका दिला. ग्रुप वाचून वाटायचं, अख्खी गल्ली असुरक्षित आहे. कागदावर बहुतेक ठिपके डीपी ते शाळेचं मागचं गेट एवढ्याच पट्ट्यात आले. वेळ साडेआठ ते दहा. म्हणजे प्रश्न गल्लीचा नव्हताच, साठ-सत्तर पावलांचा होता.

त्याच वेळी, त्याच जागी उभं राहा

सकाळी फिरायला जाताना पाहणी करू नका, काही दिसत नाही. आम्ही पाचजण रात्री नऊला गेलो. दिवा चालू होता, पण गुलमोहराच्या आत. उजेड सगळा फांद्यांत अडकलेला, खाली मिट्ट. दिव्याखाली एक बंद टेम्पो, चाकं बसलेली, त्याच्यामागं माणूस उभा राहिला तरी कळणार नाही. आठला दोन्ही दुकानांची शटर पडतात आणि नऊला क्लास सुटतो. पोरी मोबाइल हातात धरून तिथूनच जातात.

मंडळाच्या शेडखाली ती ‘हाकलायची’ पोरं बसली होती. त्यांना विचारलं. एकजण म्हणाला, “काकू, डीपीकडं आम्ही पण नाय बसत. दोघं येतात बाहेरून, गाडीला नंबरप्लेट नसती.” दोन महिने ग्रुपवर जी माहिती कोणाकडंच नव्हती, ती एका प्रश्नात मिळाली. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

कुणाची किल्ली कुठलं कुलूप उघडते

इथंच बहुतेक मंडळी दमतात. सगळी गाऱ्हाणी एका अर्जात भरून पोलिसांना देतात आणि मग म्हणतात, पोलीस काही करत नाहीत. फांद्या पोलीस छाटणार आहेत का?

रस्त्यावरचा दिवा महापालिकेच्या विद्युत विभागाचा. महावितरणकडं हेलपाटे घालू नका. डीपीचं उघडं झाकण मात्र महावितरणचं. फांद्या उद्यान विभागाच्या, आणि त्यांना परवानगीशिवाय हात लावायचा नाही. झाडांबाबतचा १९७५ चा कायदा आहे, उत्साहानं फांदी पाडणारेच अडचणीत येतात. बेवारस टेम्पोसाठी क्षेत्रीय कार्यालयाचा अतिक्रमण विभाग आणि वाहतूक पोलीस, दोघांनाही लिहा, नाहीतर एक दुसऱ्याकडं बोट दाखवतो. हिसकाहिसकी पोलिसांची.

म्हणून एक विषय, एक अर्ज. खांबावर रंगवलेला क्रमांक लिहा, रात्रीचा फोटो जोडा. तक्रार महापालिकेच्या ‘पीएमसी केअर’वर टाका आणि त्याचा क्रमांक कागदी अर्जावर घाला. अर्जाची दुसरी प्रत नेऊन आवकचा शिक्का घ्या. ‘ठेवून जा, साहेबांना दाखवतो’ असं म्हणाले तरी शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाही. आमचा पहिला अर्ज शिक्क्याविना दिला होता. महिन्यानं गेलो तर असा अर्ज आल्याचं कुणालाच आठवेना. पुढच्या वेळी शिक्क्याची प्रत दाखवली आणि खुर्ची मिळाली. तरीही हलत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज: अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली? उत्तराला तीस दिवसांची मुदत असते आणि बऱ्याचदा उत्तराआधी काम होतं.

नवा खांबच हवा असेल तर नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक पाहा. पुणे महापालिकेनं २००६-०७ पासून ही सोय ठेवली आहे: नागरिक आपल्या प्रभागातली छोटी कामं सुचवतात, पाच लाखांपर्यंतची. दिवे, पदपथ असली कामं यात बसतात. फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. मुदतीकडं लक्ष ठेवा. ती गणपतीच्या धामधुमीत निघून जाते आणि मग वर्ष जातं.

चौकीत जाताना

पाचजण जा, त्यात वस्तीतले दोघं असू द्या. नुसते सोसायटीवाले गेले की ती ‘त्यांच्याविरुद्धची’ तक्रार होते. पालखी, गणपती, सभा-मोर्चे असे बंदोबस्ताचे दिवस टाळा. थेट वरिष्ठ निरीक्षकांकडं धाव घेण्याआधी आपला बीट अंमलदार, म्हणजे आपला भाग ज्याच्याकडं सोपवलाय तो पोलीस, कोण हे शोधा. गल्ली त्याला ठाऊक असते आणि साहेब बदलून गेले तरी तो बहुधा असतो.

‘गस्त वाढवा’ असं मोघम मागू नका. नकाशा पुढं ठेवा आणि म्हणा, साडेआठ ते दहा, डीपी ते गेट, दोन आठवडे बीट मार्शलची, म्हणजे दुचाकीवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांची, एक फेरी हवी. एवढं नेमकं मागितलेलं नाकारणं अवघड जातं.

आता एक गोष्ट जरा सविस्तर, कारण सगळं गणित इथं फसतं. मोबाइल हिसकावला गेला की माणूस चौकीत जातो आणि हातात ‘गहाळ’चा दाखला घेऊन घरी येतो. सिमकार्ड मिळतं, तो खूश. पण गहाळ म्हणजे हरवला. गुन्हा नोंदलाच गेला नाही. सहा जणांचं असं झालं की कागदावर तुमची गल्ली शांत, मग फेरी कशाला वाढवायची? म्हणून हिसकावला असेल तर ‘हिसकावला’ असंच लिहा आणि एफआयआरच्या प्रतीचा आग्रह धरा. तक्रारदाराला ती मोफत द्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, अशा गुन्ह्याची माहिती कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. नोंदवून घेत नसतील तर हाच मजकूर टपालानं उपायुक्तांना पाठवता येतो.

प्रसंग घडत असेल तर ११२. तो फोन उचलणारा तुमच्या चौकीतला नसतो, कॉल राज्याच्या केंद्रात जातो आणि तिथून जवळच्या गाडीला निरोप येतो. त्याला ‘मारुतीच्या मागं’ सांगून कळत नाही. रस्त्याचं नाव, सोसायटीचं नाव, जवळची ठळक खूण असा पत्ता कागदावर लिहून आम्ही प्रत्येक लिफ्टमध्ये आणि टपरीवर चिकटवला. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता सुचत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

टेबलाभोवती कोण

पोलिसांनी आणि लोकांनी एकत्र बसायचं हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. १९८४ च्या दंगलीनं होरपळलेल्या भिवंडीत पुढं पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या बांधल्या, हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांची माणसं नेमानं एकत्र बसवली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून गावोगाव तंटामुक्त मोहीम निघाली, तिचंही बळ गावच्या समितीतच होतं. ब्रिटननं तर १९९८ च्या कायद्यानं पोलीस आणि स्थानिक पालिका दोघांवरही एकत्रित जबाबदारी टाकली: आपल्या भागातल्या गुन्ह्यांचा आढावा घ्या, आराखडा करा. आपल्याकडं शहरात तसं बंधन नाही, म्हणून आग्रह आपणच धरायचा.

आमच्या बैठकीत इस्त्रीवाले काका, बचत गटाच्या ताई, शाळेच्या मुख्याध्यापिका, रिक्षा स्टँडवरचे एक दादा, मंडळाचा कार्यकर्ता, बीट अंमलदार आणि मी. महिन्याचा पहिला शनिवार, मंडळाची शेड, चाळीस मिनिटं. चहा एकदाच, शेवटी. आधी दिला की बैठक संपते. इतिवृत्त पोस्टकार्डाएवढं: काम, कुणाचं, कधीपर्यंत. भाषणाला बंदी, पुढाऱ्यांच्या फोटोलाही.

ज्या पोरांबद्दल चर्चा, त्यांच्यातला एकजण बैठकीत हवाच. कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या पोरांच्या, ‘कोयता गँग’च्या बातम्यांनी आपण प्रत्येक पंधरा वर्षांच्या मुलाकडं संशयानं पाहायला लागलोय. मुख्याध्यापिकांनी परवानग्या काढून संध्याकाळी मैदानाचं गेट उघडं ठेवायची सोय केली, मंडळानं शेडला दिवा आणि कॅरम दिला. त्यामुळं साडेआठ ते दहा तिथं माणसांची जाग राहू लागली, आणि ती कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त पडली.

कॅमेऱ्याबद्दल थोडं

लावू नका असं म्हणत नाही. जर्मन बेकरीतला २०१० चा आणि जंगली महाराज रस्त्यावरचे २०१२ चे स्फोट झाल्यावर पुण्यात कॅमेऱ्यांचा आग्रह वाढला आणि तपासात त्यांचा उपयोग होतोच. पण कॅमेरा झालेलं दाखवतो. आमच्याकडं पोलिसांनी फुटेज मागितलं तेव्हा डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं, घड्याळ चाळीस मिनिटं मागं निघालं. महिन्याला एकदा वेळ तपासा आणि घटना घडली की लगेच फुटेज काढून ठेवा. थोड्या दिवसांत जुन्यावर नवं चढतं.

हे मात्र नको

काठ्या घेऊन गस्त नको. अनोळखी माणसाला अडवून मारहाण तर मुळीच नको. समोर गंभीर गुन्हा करणाऱ्याला नागरिक धरू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं, आणि ‘ताब्यात’ म्हणजे जसाच्या तसा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच निरपराधांना ठार मारलं. सुरुवात मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजपासून झाली होती. आमच्या ग्रुपवर त्यामुळं एकच नियम: वहीत नोंद नसेल तर ग्रुपवर टाकायचं नाही. अल्पवयीन मुलाचा ‘हाच तो चोर’ म्हणून फोटो फिरवणं तर बाल न्याय कायद्यानं गुन्हा ठरतो.

फरक पडला का, ते वहीलाच विचारा

फांद्या छाटल्या, टेम्पो उचलला गेला, बीट मार्शल काही दिवस आले. पुढच्या दोन महिन्यांत त्या पट्ट्यात एकच नोंद झाली. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो, तेवढ्यात रिक्षावाले दादा म्हणाले, “मागच्या गल्लीत जाऊन या जरा.” तिकडं सीट फाटल्या होत्या. चोरानं गल्ली बदलली होती. मागच्या गल्लीतल्या दोघांना बैठकीला बोलावलं, एक कोरी वही दिली. तिथं ती दूधवाल्याकडं टांगली आहे.

आमची पहिली वही भरली. दुसरीतली पहिली नोंद काकांच्या अक्षरात आहे: ‘डीपीचा दिवा परत बंद. मंगळवार. पेन पण कुणीतरी नेला.’