लॅबचं (लॅब्रेडॉर कुत्र्याचं) कोपर दुखतंय हे कळल्यावर घरात करायची तयारी

कुत्र्याच्या फाइलवर ‘एल्बो डिसप्लेझिया’ (कोपराचा सांधा वाढताना नीट न बसणं) असं लिहून आलं की पहिला आठवडा मोबाइलवर वाचण्यात जातो. वाचा, पण आधी फरशीवर काहीतरी अंथरा आणि मग वाचत बसा. आमची बुंदी तेव्हा नऊ महिन्यांची होती आणि वजन २९ किलो, म्हणजे मादी लॅबच्या मानाने चांगलंच जास्त. डॉक्टर तिला महिन्यातून वीस मिनिटं बघायचे. बाकी सगळा वेळ तिची कोपरं आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गुळगुळीत टाइल्सवर असायची. त्यामुळे खालच्या यादीत कुत्र्यासाठी करायच्या गोष्टी थोड्या आणि घरासाठी करायच्या पुष्कळ आहेत.

दुखणं काय आहे ते दोन वाक्यांत सांगता येईल इतपत समजून घ्या, कारण घरातल्या प्रत्येकाला ते तुम्हालाच सांगायचंय. कोपरात तीन हाडं भेटतात: वरून दंडाचं एक, खालून दोन. वाढीच्या वयात ती एकमेकांत नीट बसली नाहीत की कुठल्या तरी एका टोकावर भार येतो. लॅबमध्ये बहुतेकदा आतल्या बाजूचा कोरोनॉइड नावाचा बारका कंगोरा तडकतो, कधी त्याचा कपचाच निघतो. जर्मन शेफर्डमध्ये कोपराच्या मागचं एक टोक साधारण पाच महिन्यांपर्यंत जुळायला हवं, ते सुटंच राहतं. मग सांधा घासत राहतो, कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) झिजते आणि वर्षाच्या आत संधिवाताची सुरुवात होते. हे मुळात आईबापांकडून आलेलं असतं, खाणं आणि वजन त्यात भर घालतात. आमच्या मुलाला वाटत होतं की त्याने सोफ्यावरून उडी मारायला शिकवलं म्हणून बुंदीचा पाय गेला. तसं नाही, हे त्याला त्याच रात्री सांगितलं. तुमच्याही घरात असं कुणीतरी गप्प बसलेलं असेल, तर या यादीतलं पहिलं काम ते.

पुढच्या भेटीआधी मोबाइलवर तीन व्हिडिओ काढून ठेवा: झोपेतून उठल्यावरची पहिली वीस पावलं, समोरून चालताना आणि बाजूने हळू धावताना. दवाखान्यात कुत्रं घाबरून किंवा हुरळून इतकं नीट चालतं की आपणच खोटे पडतो. समोरच्या व्हिडिओत पंजे बघा. बुंदी बसली की कोपरं पोटाला चिकटलेली आणि पंजे बाहेर वळलेले, घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाल्यासारखे. आम्हाला ते गोंडस वाटायचं, फोटोही आहेत. बाजूच्या व्हिडिओत मान बघा. दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला पाय टेकताना खाली येतं. मात्र दोन्ही कोपरं सारखीच दुखत असतील तर लंगडणं दिसतच नाही. पावलं आखूड पडतात, कुत्रं फिरायला निघून मध्येच बसतं, आणि आपण म्हणतो आळशी आहे. कुत्र्याचं जवळजवळ साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, हे लक्षात ठेवून बघितलं की तो आळस निराळाच दिसायला लागतो.

एक्स-रे व्हायचा असेल तर दोन्ही कोपरांचा सांगा, एकाच पायाची तक्रार असली तरी. चांगल्या फोटोसाठी पाय दुमडून, ताणून धरावा लागतो, म्हणून गुंगीचं औषध देतात. किती तास उपाशी ठेवायचं ते आदल्या दिवशी विचारून घ्या आणि स्वयंपाकघराला कळवा. कोरोनॉइडचा बारीक तडा साध्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा सापडत नाही, सीटी स्कॅनमध्ये सापडतो, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ यावर विषय संपवू नका. सीटीसाठी किंवा दुसऱ्या मतासाठी मुंबईत परळचं बाई साकरबाई पेटिट हॉस्पिटल किंवा महालक्ष्मीला २०२४ साली सुरू झालेलं टाटा ट्रस्टचं हॉस्पिटल, पुणे-सातारा पट्ट्यात शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, असे पत्ते वहीत लिहून ठेवा. निघण्याआधी फोन मात्र करा: यंत्र चालू आहे का, हाडांचे डॉक्टर कुठल्या वारी असतात. शस्त्रक्रियेबद्दल एकच प्रश्न नेमका विचारा: दुर्बिणीतून कपचा काढला तर काय बदलेल आणि काय बदलणार नाही. कपचा निघाला तरी सांध्यात सुरू झालेला संधिवात परत फिरत नाही, हे आधी माहीत असलं की पैशांचा आणि आशेचा हिशोब नीट करता येतो.

आता फरशी. यात कंजुषी करू नका. टाइलवर कुत्रं उभं राहायला गेलं की पुढचे पाय फाकतात आणि ते कोपरं आत ओढून तोल सावरतं, तेही दिवसातून शंभरदा. सतरंजी आणि गोधडी टाकून बघू नका, त्या स्वतःच सरकतात आणि कुत्र्यालाही सोबत घेऊन जातात. आम्ही खडू घेतला आणि बुंदी दिवसभर कुठून कुठे जाते ते फरशीवर आखलं: बाल्कनी ते दार, दार ते स्वयंपाकघर, पाण्याचं भांडं, आणि फ्रिजचा आवाज झाला की धावायचा रस्ता. बाजारातून मीटरवर मिळणारं रबरी, मागून पकड असलेलं मॅटिंग दोन फूट रुंद कापून त्या रेषांवर टाकलं. संपूर्ण घर झाकायची गरज पडली नाही. मॅट ओढून बघा, हाताने सरकली तर दुहेरी टेप लावा. जेवणाच्या भांड्याखाली पायपुसण्याएवढा तुकडा हवाच, कारण खाताना ती पुढे रेटत जाते. नखं फरशीवर टकटक वाजायला लागली की कापा, आणि पंज्यांच्या गाद्यांमधले केस गोल टोकाच्या कात्रीने बारीक करा, मोजे घातल्यासारखे घसरतात त्याने. पावसाळ्यात मॅटखाली ओल धरते आणि कुबट वास येतो, तेव्हा आठवड्याला उचलून वाळवायचं काम कुणाचं ते आत्ताच ठरवा. (आमच्याकडे ठरवलं नव्हतं. ते माझंच झालं.)

वाटीचं प्रकरण फरशीपेक्षा अवघड, कारण फरशी वाद घालत नाही. आधी कॅल्शियमची बाटली उचलून ठेवा. मोठ्या जातीचं पिल्लू म्हणून दुकानदाराने आम्हालाही दिली होती आणि चार महिने ती मी प्रेमाने पाजली. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीच्या तयार खाण्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. वरून दिलेलं जास्तीचं कॅल्शियम लहान पिल्लाचं शरीर नीट थोपवू शकत नाही आणि हाडांची वाढच बिघडते. मग वजन. फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, आपल्या सपाट धरलेल्या हाताच्या उलट्या बाजूवरून बोट फिरवल्यावर हाडं लागतात तेवढ्या, आणि वरून बघितल्यावर कंबर दिसली पाहिजे. लॅबला कमी खायला घालणं क्रूर वाटतं तेव्हा एक गोष्ट आठवा: ४८ लॅब पिल्लांवर आयुष्यभर चाललेल्या एका अमेरिकी प्रयोगात चतुर्थांश कमी खाणाऱ्या कुत्र्यांचं आयुष्य सरासरी पावणेदोन वर्षांनी जास्त निघालं आणि संधिवातही त्यांना उशिरा झाला. ते निकाल २००२ साली छापून आले. उपाशी मात्र ठेवायचं नाही, वाढतं वय आहे, माप डॉक्टरांकडून घ्यायचं. खाणं वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. आमची ‘एक वाटी’ सासूबाईंच्या हातून सव्वा व्हायची.

पोळीबद्दल वेगळं बोलायला हवं. तूप लावलेल्या दोन पोळ्या म्हणजे अंदाजे २५० कॅलरी, आणि २६ किलोच्या लॅबला दिवसाला बाराशेच्या आसपास लागतात. म्हणजे आई (सासूबाई) ज्याला ‘नुसता तुकडा’ म्हणतात तो जेवणाचा पाचवा हिस्सा. बंदी घातली तर चोरून दिलं जातं, हे मी अनुभवाने सांगते. म्हणून सकाळी तिच्या तयार खाण्याच्या दिवसभराच्या दाण्यांतलेच मूठभर एका डब्यात काढून तो डबा आईंच्या हवाली केला. द्यायचं सुख त्यांचं, माप आमचं. गाजर आणि काकडीचे तुकडे त्यात चालतात. एरवी कितीही काकुळतीने बघितलं तरी विश्वास ठेवू नका. साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पोट भरल्याचं कळवणाऱ्या जनुकातच खोट असते, ती खरोखरच सतत भुकेली असतात.

औषधांचा कप्पा वेगळा करा आणि त्यावर कुत्र्याचं नाव लिहा. दुखणं कमी करायला मेलोक्झिकॅम किंवा कारप्रोफेनसारखं औषध मिळेल. ते खाल्ल्यावर, वजनाप्रमाणे, आणि लांबणार असेल तर यकृत-किडनीची रक्ततपासणी करून. उलटी, काळी शी किंवा खाणं टाकलं तर पुढचा डोस न देता फोन करायचा. स्टेरॉइड चालू असताना हे कधीच नाही, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना पहिल्यांचं चिठोरं सोबत न्या. आपली आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल काहीही द्यायची नाही. डायक्लोफिनॅकमुळे आपल्याकडची गिधाडं संपत आली आणि २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, एवढं सांगितलं की घरातले ऐकतात. पण आम्ही जे विसरलो होतो ते मलम. अण्णा, म्हणजे सासरे, रात्री गुडघ्याला डायक्लोफिनॅकचं मलम चोळून टीव्ही बघायचे आणि बुंदी शेजारी बसून त्यांचे गुडघे चाटायची, माया म्हणून. आता मलम लावलं की पायजमा खाली आणि बुंदी दुसऱ्या खोलीत. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३चा थोडा उपयोग होतो, डोस विचारून घ्या. ग्लुकोसॅमिनच्या चॉकलेटी गोळ्यांवर मी फारसा खर्च करणार नाही.

फिरणं बंद करायचं नाही, सारखं करायचं. सुरुवातीला दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, दोरीवर, शक्यतो माती किंवा गवतावर, गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीच्या हार्नेसने. वेळ वाढवायची का हे त्या संध्याकाळी ठरत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना ती कशी उठते त्यावर ठरतं. ताठर उठली तर पुन्हा मागच्या आठवड्याच्या मिनिटांवर. वहीत एक ओळ रोज. चेंडू फेकणं, रस्सीखेच, मागच्या पायांवर उभं करून शेकहँड हे सगळं बंद, आणि सहा दिवस घरात ठेवून रविवारी सिंहगड तर अजिबात नाही. पाण्यातल्या ट्रेडमिलचा व्यायाम जवळपास मिळत असेल तर फिजिओला विचारा. तलावात सोडणं म्हणजे ती गोष्ट नव्हे, तिथे दगडावरून उडी आणि चढण येते. ऊर्जा मग जाणार कुठे? जुन्या टॉवेलची वळकटी करून त्यात दाणे लपवा. वीस मिनिटं नाकाने शोधाशोध केली की बुंदी धावून आल्यासारखी झोपते. गल्लीतली कुत्री कुठल्या वळणावर अंगावर येतात ते ओळखून रस्ता बदला. तो एक हिसका आठवड्याची मेहनत घालवतो.

अंथरूण चार इंची दाट फोमचं. कापसाची गादी दोन महिन्यांत बसते. उन्हाळ्यात ती गार टाइलवरच जाऊन झोपेल, तेव्हा मॅटवर ओलं फडकं टाका. जिना उतरताना सगळा भार पुढे येतो, म्हणून लिफ्ट. वीज गेली तर हार्नेस धरून एकेक पायरी, थांबत. उचलायचं तर दोघांनी, एक हात छातीखाली आणि एक मागच्या मांड्यांखाली, काखेत धरून कधीच नाही. गाडीसाठी प्लायची फळी कापून वर मॅटिंग चिकटवलं की रॅम्प झाला, विकतचा नको.

शेवटी माणसं. पिल्लू जिथून आणलं त्यांना कळवा, भांडायला नाही, तीच जोडी पुन्हा लावू नये म्हणून, आणि आपल्या कुत्र्याचीही पिल्लं घ्यायची नाहीत. नसबंदी कधी करायची हे मात्र डॉक्टरांशी नीट बोलून, मोठ्या जातींत घाई करत नाहीत. कामाला येणाऱ्या मावशींना सांगा की पुसलेली फरशी वाळेपर्यंत बुंदी बाल्कनीत. वॉचमनकाकांना सांगा की बिस्किट नको, डोक्यावरून हात चालेल. आणि दिवाळीच्या चार रात्री आत्ताच कॅलेंडरवर खुणा करा: फटाका वाजला की ती घाबरून पलंगाखाली घुसते, तर पलंगाखालीही मॅट टाकायची आहे. तेवढी आमची अजून राहिली आहे, दीड मीटर आणावी लागेल.