पूर्व विदर्भातील गावाची नोंदवही कशी लिहावी

गावाची माहिती लिहिताना आरंभ नकाशापासून करावा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घेऊन शिवारातून प्रत्यक्ष फिरावे आणि नाला, पांदण (शेतांकडे जाणारी वाट), आखर (गुरे जमवण्याची जागा) व तलाव यांच्या जागा जुळवून पाहाव्यात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात मामा तलाव, म्हणजेच माजी मालगुजारी तलाव (गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातील जुने तलाव), हा नोंदवहीचा कणाच समजावा. पाळ कोणत्या अंगाला आहे, पाट कोणत्या बांध्यांना (भाताच्या खाचरांना) पाणी देतो आणि पाण्याची पाळी कोण ठरवतो, हे त्या त्या शेतकऱ्याला धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभे करूनच विचारावे. घरी बसून मिळालेली उत्तरे बहुधा गोलमोल असतात.

इतिहासासाठी दंतकथेआधी दप्तर पाहावे. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली. निस्तार पत्रकात सरपण, चराई, माती यांविषयीचे गावकऱ्यांचे हक्क आणि वाजिब-उल-अर्जमध्ये पाणी, वहिवाट, मासेमारी यांविषयीच्या रूढी नमूद असतात. कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदी सापडतात. वऱ्हाडात मात्र रयतवारी, म्हणजे सरकारने थेट शेतकऱ्याकडून सारा घेण्याची पद्धत, होती; त्यामुळे तिकडचे दप्तर वेगळे आहे.

दैनंदिन जीवन ऋतूंप्रमाणे लिहावे: रोवणीतील (भातलावणीतील) मजुरी, तान्हा पोळा (मुलांचा लाकडी बैलांचा पोळा), दिवाळीनंतरची मंडई (गावची जत्रा) आणि रात्रभर चालणारी दंडार (लोकनाट्य). बायकांकडून स्वतंत्रपणे ऐकावे, कारण रोवणीची खरी माहिती त्यांच्याकडेच असते. प्रत्येक नोंदीखाली सांगणाऱ्याचे वय व ऐकल्याची तारीख लिहावी, आणि दोघांच्या सांगण्यात फरक आढळल्यास दोन्ही तसेच ठेवावे.