डिस्नीसाठी टाइमशेअर घ्यायचाय? आधी ही तयारी करा

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टातला वर्षाचा एक आठवडा बऱ्याच वर्षांसाठी विकत घेणं. मॉलमध्ये लकी ड्रॉचं कूपन भरलं की तो विकणाऱ्यांचा चार दिवसांत फोन येतोच, नवराबायको दोघं या, जेवण आमच्याकडून. खुशाल जा, जेवण बरं असतं, फक्त क्रेडिट कार्ड घरी ठेवा. आम्ही सोबत नेलं होतं. तीन तास बसवून ठेवलं, पोरं कंटाळली, आणि "इथला आठवडा द्या नि डिस्नीच्या रिसॉर्टात राहा" यावर आम्ही माना डोलावल्या. सही करून घरी कोथरूडला पोचेपर्यंत हवेत होतो. नाव कोणाचं घेत नाही, चूक आमचीही होतीच.

तर पहिलं काम, मेंबरशिप कुठल्या एक्स्चेंज कंपनीला, म्हणजे आपला आठवडा घेऊन दुसऱ्या रिसॉर्टातला देणाऱ्या कंपनीला, जोडलेली आहे ते करारात वाचायचं, सेल्सवाल्याच्या तोंडून ऐकायचं नाही. जगात मोठ्या दोन, आरसीआय आणि इंटरव्हल इंटरनॅशनल. डिस्नी व्हेकेशन क्लब, म्हणजे डिस्नीचा स्वतःचा टाइमशेअर, २००९ पासून आरसीआयकडे होता, २०२२ पासून इंटरव्हलकडे गेला. आमच्या कागदावर आरसीआय, म्हणजे बाजारात तुरी! सेल्सवाल्याच्या फाइलमध्ये मात्र मिकी माउस अजून हसत होता. इंटरव्हल असलं तरी डिस्नीच मिळेल अशी गॅरंटी नसते, तिकडच्या मेंबर लोकांनी सोडलेल्या खोल्याच येतात, त्यामुळे "मिळेलच" म्हणाला तर तसं लिहून माग, देणार नाही बघ.

मग वही घेऊन हिशोब करा. समजा ४ लाखाची मेंबरशिप २५ वर्षांसाठी, म्हणजे वर्षाला १६ हजार. त्यावर वार्षिक मेंटेनन्स समजा २० हजार, १८ टक्के जीएसटी धरून २३,६००. झाले ३९,६००, आणि ४ लाखाचं व्याज तर मी धरलंच नाहीये. वर एक्स्चेंज कंपनीची वर्षाची वर्गणी, दर अदलाबदलीची फी, आणि डिस्नी एक्स्चेंजवाल्यांकडून वेगळी फी घेते ती. पार्कची तिकिटं यात नाहीत, विमान नाही. हे सगळं एका बाजूला आणि तोच आठवडा थेट बुक केला तर किती पडतो ते दुसऱ्या बाजूला लिहा. दर वर्षी मेंटेनन्स वाढतो, तेही विसरू नका. अमेरिकेतलाच टाइमशेअर सेकंडहँड घ्यायचा विचार असेल तर तिथे लोक अक्षरशः फुकटात द्यायला तयार असतात, कारण मेंटेनन्स गळ्यात पडलेला असतो, तो आता तुमच्या गळ्यात! फ्लोरिडात कंपनीकडून नवा घेतला तर सही केल्यापासून १० दिवसांत रद्द करता येतो, म्हणून ट्रिपच्या पहिल्याच दिवशी कागद वाचा, शेवटच्या दिवशी विमानात नाही.

तारखा हा खरा घोळ. जून-जुलैत फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला, म्हणजे डिस्नी वर्ल्डच्या गावी, सगळी अमेरिका लोटते, शिवाय जून ते नोव्हेंबर वादळांचा सीझन. पुण्याच्या शाळांना एप्रिलच्या शेवटी सुट्टी लागते आणि तिकडच्या शाळा मेच्या अखेरपर्यंत चालू असतात, त्यामुळे मेचे पहिले दोन-तीन आठवडे आपल्यासाठी मस्त. दिवाळीतही जमतं, पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला न्यूजर्सीच्या शाळांना सुट्टी असते, तो आठवडा आणि थँक्सगिव्हिंगचा (नोव्हेंबरअखेरचा अमेरिकन सण) आठवडा सोडा. रिक्वेस्ट वर्षभर आधी टाकून ठेवायची, आणि स्वतःचा आठवडाही एक्स्चेंज कंपनीकडे लवकर डिपॉझिट करायचा, उशिरा दिला तर त्याची किंमत कमी धरतात. ज्यांच्या ऑफिसात रजा महिनाभर आधी मंजूर होते त्यांनी हा नाद सोडावा, स्पष्ट सांगते.

व्हिसा? मुंबईच्या कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून पासपोर्ट आणि व्हिसा आधी, विमानाची तिकिटं एक्स्चेंज कन्फर्म झाल्यावरच. उलट केलं तर बसा हॉटेल शोधत.

खोली घेताना सासूबाई किंवा आजी सोबत असतील तर एक बेडरूमवाली मागा, डिस्नीच्या त्या खोल्यांत पूर्ण किचन आणि वॉशिंग मशीन असतं, स्टुडिओत नुसता मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज. किचन आहे म्हणून घरची इंडक्शन शेगडी मात्र बॅगेत भरू नका, तिकडे १२० व्होल्ट आहे.