टोकन देण्याआधी कागदावर हिशोब मांडा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत जुना फ्लॅट घेऊन, दुरुस्त करून विकायचा विचार असेल, तर टाइल्स आणि मॉड्युलर किचनच्या आधी सरकारी खर्च लिहून काढा. इथे मुद्रांक शुल्क साधारण 7 टक्के. ते करारातली किंमत आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराने येणारी किंमत, यांत जे जास्त असेल त्यावर लागतं. म्हणजे 50 लाखांच्या फ्लॅटवर साडेतीन लाख, वर नोंदणी शुल्क 30,000. दलाली दोनदा जाते, घेताना आणि विकताना. 24 महिन्यांच्या आत विकलात तर नफ्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे आयकर. नवख्यांचं गणित इथेच कोलमडतं.

वाशी, नेरूळकडे आणखी एक गोष्ट पाहा. सिडकोची जमीन बहुतेक भाडेपट्ट्यावर असते, त्यामुळे हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क लागू आहे का, आधीचं हस्तांतरण रीतसर झालंय का, हे सोसायटीच्या ऑफिसात बसून विचारा. शेअर सर्टिफिकेटच्या, म्हणजे सोसायटीने सभासदाला दिलेल्या दाखल्याच्या, मागच्या बाजूला शेवटचं नाव विक्रेत्याचंच हवं. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, काढा, वकिलाकडून सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल, घ्या.

फ्लॅट शक्यतो पावसाळ्यात बघा. बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवर हात फिरवा, ओल लागते का पाहा. छताच्या एकाच कोपऱ्यात ताजा रंग असेल, तर वरच्या मजल्यावरच्यांशी बोला. बीमच्या भेगेतून गंजाचा तांबूस ओघळ दिसला, तर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, रिपोर्ट मागा. तो मिळेपर्यंत टोकन देऊ नका, विक्रेता कितीही घाई करू दे.